कुलगुरू गेला, कागद आमच्याकडं राहिला

कुलगुरूची खुर्ची गेली तेव्हा आमच्या वस्तीत कुणी पेढे वाटले नाहीत आणि कुणी सुतकही पाळलं नाही. 24 ऑक्टोबर 2017 ची गोष्ट. कुलपती म्हणजे राज्यपाल. राज्यपाल विद्यासागर राव यांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून काढून टाकलं. विद्यापीठाच्या एकशेसाठ वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं म्हणून पेपरवाले खूश. ज्याला त्याला श्रेय हवं होतं. आणि त्यानंतर महिनाभरात आमच्या शेजारचं एक पोरगं, त्याच साली बी.कॉम. झालेलं, एका कंपनीत मुलाखत देऊन आलं.

म्हटलं, काय विचारलं रे?

'दादा, कायच नाय इचारलं. सायबानं मार्कशीट बघितलं, साल बघितलं आनि बाजूच्या बाईला म्हनाला, हे त्या घोळातलं हाय. दोगं बी हसले. मला म्हनाले, कळवतो.'

अजून कळवताहेत.

मित्रांनो, मला बोलायचंय ते 'घोळातलं' या एका शब्दाबद्दल. कुलगुरूंवर रकानेच्या रकाने लिहून झालेत. ते कुणाच्या आशीर्वादानं आले, कुणाच्या शापानं गेले, हे पांढरपेशांनी चहाबरोबर चघळून टाकलं. पण खुर्चीचं भांडण मिटल्यावर पोराच्या हातातल्या कागदाचं काय होतं, हे लिहायला कुणाची लेखणी उचलली गेली नाही. का उचलावी? त्यांच्या पोरांकडं कागदाशिवाय बरंच काय काय असतं.

घोळ थोडक्यात सांगतो, कारण आपल्यातल्या लहान पोरांना तो आता ऐकूनच माहीत. 2017 च्या उन्हाळी परीक्षा. 477 परीक्षा आणि 17 लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका. ठरलं असं की सगळ्या एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या. कल्पना वाईट नव्हती, हे मी कबूल करतो. गठ्ठे हिंडत नाहीत, म्हणजे गठ्ठ्याबरोबर हिंडणारी चिठ्ठीही हिंडत नाही. ज्यांचा मामा-काका परीक्षकांत नाही त्यांच्या हिताचीच गोष्ट. पण परीक्षा मार्चमध्ये सुरू झालेल्या आणि कंपनीला काम द्यायला एप्रिल उजाडला. घर पेटल्यावर विहिरीचं टेंडर. स्कॅनिंग तुंबलं, मास्तर पडद्यापुढं चाचपडत बसले, उत्तरपत्रिका एकमेकींत मिसळल्या. 2016 चा विद्यापीठ कायदा सांगतो की निकाल 30 दिवसांत लावा, फार तर 45. राज्यपालांनी 31 जुलैची मुदत घालून दिली, ती गेली. ऑगस्टात कुलगुरू रजेवर आणि कारभार कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरूंकडं. कायदा शिकणाऱ्या पोरांचे निकाल तर सप्टेंबरपर्यंत लोंबकळले.

आणि हे सगळं कुठं घडत होतं? कलिन्याच्या परीक्षा भवनात. त्या इमारतीला नाव कुणाचं? महात्मा जोतिराव फुल्यांचं! सारा भरते रयत आणि शिक्षणाचा पैसा उधळला जातो वरच्या वर्गांवर, हे ज्या माणसानं 1882 साली हंटर कमिशनला लिहून दिलं, त्याच्या नावाच्या छपराखाली रयतेच्या पोरांचे पेपर धूळ खात पडले. नाव द्यायला यांचं काय जातं.

आता कागदाचं बोलू.

माझी स्वतःची पदवी फार जुन्या सालची. आमच्या खानदानातली पहिली. आईनं ती बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी टांगली. बाई अंगठाबहाद्दर. तिला त्या कागदावरचा शिक्का कळायचा आणि खालची सही कळायची. 'ही कुनाची रं?' म्हटलं, कुलगुरूची. 'म्हंजी गुरूचा बी गुरू?' म्हटलं, तसंच काहीतरी. मग ती आल्यागेल्याला ती सही दाखवायची, पोराचं नाव नंतर.

मला तेव्हा हसू यायचं. आता वाटतं, म्हातारीला पदवीचं अर्थशास्त्र आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. पदवी म्हणजे तरी काय? नोटेसारखीच गोष्ट. नोटेच्या कागदाला किंमत नसते, सहीला असते. या धारकाला अमुक एवढं येतं, आम्ही तपासलंय, आम्ही हमी देतो, असं ती सही बोलते. ज्याला तुम्ही ओळखत नाही, ज्याच्या बापाला ओळखत नाही, ज्याचं आडनाव ऐकून तुमच्या कपाळाला आठी पडते, त्यालासुद्धा त्या सहीखातर तुम्हाला खुर्ची द्यावी लागते. साहेबाचा नाइलाज करणारा दुसरा कागद आमच्याकडं नाही.

मग सही करणाऱ्याचीच पत गेली की काय होतं? 2016 च्या नोव्हेंबरात नोटा रद्द झाल्या तेव्हा काय झालं ते आठवा. बंगल्यातल्या माणसाकडं सोनं होतं, जमीन होती, चेकबुक होतं. रांगेत उन्हात कोण उभं होतं? ज्याची सगळी पुंजी नोटांतच होती तो. 2017 साली पदवीचं तेच झालं. दादर-पार्ल्याच्या पोराचा निकाल लटकला, त्यालाही त्रास झाला, मी नाही म्हणत नाही. परदेशी जाणाऱ्यांची जागा हुकली, त्यांची आसवं पेपरात छापूनही आली. पण त्याच्याकडं इंग्रजी होतं. मामाची फर्म होती. 'आमचा पोरगा घोळात अडकला हो' असं फोनवर सांगणारा बाप होता आणि पलीकडून 'अरे अरे' म्हणणारा साहेब होता. त्याच्यासाठी पदवी हा सोळावा दागिना. आमच्या पोराच्या अंगावरचं ते एकुलतं एक वस्त्र. ते ओढलं की माणूस नागडा.

घोळ एक, साल एक, सही एक. पण कागदाची किंमत धरणाऱ्याच्या हाताप्रमाणं पडली. त्या कंपनीतल्या साहेबानं त्या दिवशी पार्ल्याच्या पोराचंही साल बघितलं असेल. बघून हसला नसेल.

आणि उशीर! उशिराची किंमत कुणी मोजतं का? निकाल नाही तर पुढचा प्रवेश नाही. प्रवेश नाही तर समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज नाही, शिष्यवृत्तीचा अर्ज नाही. ही भारत सरकारची शिष्यवृत्ती 1944 पासूनची. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते म्हणून आमच्या पदरात पडली. एक मार्कशीट अडकली की मागची सगळी साखळी अडकते. वरच्यांचं पोरगं सहा महिने थांबतं, तेवढ्यात एखादा कोर्स करतं. आमचं पोरगं सहा महिने थांबतं म्हणजे बापाच्या जागेवर बदलीवर जातं, आणि एकदा का पगार घरात आला की घर त्याला पुस्तकाकडं परत सोडत नाही. मी हे दोनदा पाहिलंय, एकाच गल्लीत.

सालाचा शिक्का कसा बसतो तेही पाहा. 2020 साली आपल्याच राज्यातल्या काही कृषी महाविद्यालयांच्या गुणपत्रिकांवर 'प्रमोटेड कोविड-19' असं छापून आलं. कुणाच्या डोक्यातून निघालं हे? पोरांनी रोग आणला होता काय? बोंबाबोंब झाली तेव्हा सरकार हललं. 2017 वाल्यांच्या कागदावर तर शिक्काही नव्हता. तो साहेबांच्या डोक्यात होता. डोक्यातला शिक्का खोडायला कुठल्या खिडकीवर अर्ज करायचा?

इथं एक शहाणा उठतो आणि म्हणतो, 'दर्जा घसरला हो विद्यापीठाचा!' हे रडगाणं मी लहानपणापासून ऐकतोय. आमची पोरं वर्गात पहिल्या बाकावर बसायला लागली त्या दिवसापासून यांचा दर्जा घसरतोय. बरं, घसरवला कुणी? 1985 च्या एम.डी.च्या परीक्षेत मुख्यमंत्र्यांच्या मुलीचे गुण बदलल्याचा वाद हायकोर्टात गेला. कोर्टानं ताशेरे ओढले आणि 1986 च्या मार्चमध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकरांना मुख्यमंत्रीपद सोडावं लागलं. विद्यापीठ हेच, मुंबईचं. त्यात आमचं कोण होतं? 2017 च्या संगणकाचा निर्णय कुठल्या राखीव जागेवरच्या पोरानं घेतला? 2025 च्या जानेवारीत कळलं की दीक्षान्त समारंभात वाटलेल्या पदव्यांवर, बोधचिन्हात, मुंबईचं इंग्रजी स्पेलिंगच चुकलंय. 'मुमाबाई' विद्यापीठ! हसून हसून पोटात दुखलं. मग पोरांना त्या पदव्या बदलून घ्यायची पाळी आली तेव्हा हसू जिरलं. स्वतःचं नाव लिहिता न येणाऱ्यांनी आमचा दर्जा काढू नये.

पण आपल्यातही एक जमात आहे, तिच्याशी माझं भांडण आहे. हे लोक म्हणतात, पदवी म्हणजे व्यवस्थेचं थोतांड, फाडून टाका, विद्यापीठ बुडालं तर बुडू द्या, आपलं काय जातं? भाषण म्हणून फक्कड आहे, टाळ्या पडतात. असं बोलणाऱ्या बहुतेकांची स्वतःची पदवी कपाटात इस्त्री करून ठेवलेली असते हा भाग सोडा. बाबासाहेब याच विद्यापीठाचे बी.ए. त्यांनी ती पदवी फाडली नाही, तिच्यावर आणखी रचत गेले, आणि परत येऊन विद्यापीठाच्या मानगुटीवर बसले. 1927 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात विद्यापीठाचं बिल आलं तेव्हा सिनेटमध्ये मागासवर्गीयांचा माणूस पाहिजे म्हणून ते उभे राहिले. महाडच्या पाण्याचं वर्ष ते! तळ्यावर जाणारा माणूस सिनेटचाही हिशेब मागत होता. आपण तळं लक्षात ठेवलं, सिनेट विसरलो.

सिनेटची आजची गोष्ट ऐका. नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा. पाच खुल्या, उरलेल्या पाचांत अनुसूचित जातीला एक. मुंबईत 2018 ला निवडणूक झाली. 2023 च्या ऑगस्टात लागली आणि ऐन वेळी थांबवली. होता होता 2024 चा सप्टेंबर उजाडला. दोन्ही खेपेला दहाच्या दहा जागा युवासेनेच्या. त्यांनी नावं नोंदवली, त्यांनी मतं आणली, त्यांना दोष काय द्यायचा? आपल्या वस्तीत चाळीस पदवीधर आहेत, मी घरोघर फिरून मोजले. नोंदणी केलेले किती? दोन. एक मी आणि दुसरा वारला.

आता कुणी म्हणेल, सिनेट काय कुलगुरू नेमतं? नाही नेमत. शोधसमिती नावं काढते, कुलपती त्यातलं एक उचलतात. 2021 च्या डिसेंबरात त्या वेळच्या सरकारनं कायदा बदलायला घेतला, नावं आम्हीच पाठवणार म्हणून. पुढच्या सरकारनं तो बदल मागं घेतला. राजभवन ओढतंय, मंत्रालय ओढतंय, रस्सीच्या मधोमध कुलगुरूची खुर्ची, आणि त्या रस्सीखाली कोण चिरडतंय ते दोघांनाही बघायचं नाही. त्यातल्या त्यात सिनेट ही एक जागा अशी आहे जिथं पदवीधर माणूस उभा राहून विचारू शकतो, की बाबा, अमुक कंपनीला काम दिलं तेव्हा सराव का नाही घेतला? पेपर कुठायत? पुनर्मूल्यांकनाचे पैसे आमच्याकडून का, चूक तुमची ना? अंदाजपत्रक तिथंच येतं. 2017 च्या एप्रिलात आपला एखादा खमका गडी तिथं बसून बोंबलला असता तर काही बदललं असतं का? शपथेवर नाही सांगता येत. पण निदान बोंब नोंदली गेली असती. ज्या साली घोळ झाला त्याच साली कुणी नको म्हणत होतं एवढं तरी पोरगं मुलाखतीत सांगू शकलं असतं.

माझी मागणी आणखी एक आहे, आणि ती मला महत्त्वाची वाटते. विद्यापीठाचा कारभार कोसळतो त्या सालच्या प्रत्येक पोराला विद्यापीठानं छापील पत्र द्यावं. सही-शिक्क्यानिशी. की उशीर आमच्यामुळं झाला, निकाल तपासलेला आहे, पदवी पूर्ण किमतीची आहे. नोट फाटली तर रिझर्व्ह बँक बदलून देते ना? कुलगुरूला काढताना राजभवनातून जसा आदेश निघाला तसा एक आदेश पोरांच्या बाजूनं काढायला किती शाई लागली असती? कुणाला सुचलं नाही, कारण बडतर्फी ही बातमी होती आणि पोरं ही बातमी नव्हती.

ते पोरगं आता कुरिअरच्या गोदामात आहे. रात्रपाळी. परवा पदवीधर नोंदणीचा फॉर्म घेऊन त्याच्याकडं गेलो तर म्हणाला, पदवीची प्रत जोडायची म्हंजी पेटी उघडाय लागंल दादा. आईनं पेटी ओढली. वरती गोधडी, खाली प्लॅस्टिकमध्ये कागद. त्यानं फॉर्म भरायला घेतला, नाव लिहिलं, पत्ता लिहिला. उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, या रकान्यापाशी पेन थांबलं त्याचं. माझ्याकडं बघितलं.

म्हटलं, लिही.

त्यानं लिहिलं. झेरॉक्सचे दोन रुपये मी दिले.