परतण्याजोगी प्रयोगशाळा

परदेशी गेलेल्या बुद्धिमंतांना ‘मायदेशी परत या’ असे आवाहन करणे हा आपल्या व्यासपीठांचा नित्याचा विषय आहे. आवाहन रास्तच आहे. परंतु परतलेल्यांनी नेमके कोठे बसून काम करावे, हे सांगणारा वक्ता क्वचितच आढळतो. डॉ. कमल रणदिवे यांचे चरित्र या प्रश्नाकडे लक्ष वेधते.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्याच्या समर्थ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षण हुजूरपागेत आणि वडील जेथे जीवशास्त्र शिकवीत त्या फर्ग्युसन महाविद्यालयात. कन्येने वैद्यक शिकावे ही वडिलांची इच्छा. कन्येने वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र निवडले. (मध्यमवर्गीय मराठी घरांतील हा तंटा अद्याप मिटलेला नाही!) विवाहानंतर मुंबईत आल्यावर परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ साली त्यांनी पीएच.डी. मिळविली.

खानोलकरांच्याच प्रोत्साहनाने त्या बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. मानवी कर्कपेशी शरीराबाहेर अखंड वाढत ठेवण्यात १९५१ साली प्रथम यश आले, ते याच गे यांच्या प्रयोगशाळेत. जंतूचा स्पर्शही होऊ न देता, नेमक्या उष्णतेत आणि नेमक्या पोषकद्रवात काचपात्रातील पेशी जगवायच्या, हे शास्त्र जितके बुद्धीचे तितकेच हाताच्या शिस्तीचे. त्या काळी आपल्याकडे त्याची व्यवस्था कोठेही नव्हती. रणदिवे परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. व्यवस्था नाही म्हणून तक्रार करीत त्या परदेशी थांबल्या असत्या, तर त्यांना दोष कोणी दिला असता?

या पायावर पुढचे काम उभे राहिले. उंदरांमधील स्तनांच्या कर्करोगाचा अभ्यास करताना आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध त्यांनी शोधला. मानवातील आनुवंशिक स्तनकर्करोगाशी निगडित एक महत्त्वाचे जनुक वेगळे काढले गेले १९९४ साली. रोगाचे मूळ पेशीत आणि वंशपरंपरेत शोधण्याची ही वाट रणदिवे कितीतरी आधीपासून चालत होत्या. कुष्ठरोग्याच्या शरीरातून मिळविलेला जिवाणू प्रयोगशाळेत वाढविण्याच्या कामातही खानोलकर आणि बापट यांच्यासह त्यांचा वाटा होता. त्यातून पुढे लस तयार झाली. १९६६ ते १९७० या काळात संस्थेची धुरा त्यांनी वाहिली, १९७३ साली भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १९८२ साली पद्मभूषण मिळाला. तरीही आमच्यापैकी अनेकांनी हे नाव प्रथम ऐकले ते २०२१ साली, गूगलने जन्मदिनी त्यांचे चित्र झळकविले तेव्हा. ही गोष्ट आम्हांला बोचते.

खानोलकरांनी संस्था घडविली, म्हणून रणदिव्यांना परतण्यास जागा होती. रणदिव्यांनी प्रयोगशाळा घडविली, म्हणून पुढच्यांना ती मिळाली. आपल्या गौरवशाली वैज्ञानिक परंपरेवर व्याख्याने देणाऱ्या आम्ही मंडळींनी आपल्या गावच्या महाविद्यालयातील सूक्ष्मदर्शक चालू आहे काय, हे शेवटचे कधी पाहिले? व्याख्यानमालेच्या मंडपावर जेवढा खर्च होतो, तेवढ्यात एखादे तरी उपकरण येते.

निवृत्तीनंतर रणदिवे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर गेल्या आणि तेथील मुलांच्या पोषणाच्या नोंदी घेऊ लागल्या.