बिनव्याजी बाप

पुण्यात मिळकतकर थकला की महिन्याला 2 टक्के शास्ती लागते. आयकर थकला तर महिन्याला 1 टक्का व्याज. मी ज्या पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर बसते, तिथे हप्ता चुकला की संगणक आपणहून दंडव्याज लावतो. त्यासाठी अर्ज नको, वकील नको, तारीख नको. कितीही कुजवली तरी एका पैशानेही न फुगणारी एकच थकबाकी मी पाहिली आहे. पोटच्या पोरीची पोटगी.

माझ्या मुलीला कोर्टाने महिना 8,000 रुपये पोटगी मंजूर केली. तिच्या बापाने तीस महिने छदाम दिला नाही. मुद्दल झालं 2,40,000. दिवसभर लोकांच्या खात्यांवर करते तोच हिशेब मी एकदा घरच्या खात्यावर केला. पहिला हप्ता तीस महिने थकलेला, शेवटचा एक महिना. मिळकतकराच्या दराने सरळव्याज 74,400 रुपये. बरं, इतकं कडक नको, वर्षाला 9 टक्के धरा. तरी 27,900. कोर्टात प्रत्यक्ष मिळालं शून्य. कारण आमच्या आदेशात व्याजाची ओळच नव्हती.

पोटगीसाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 होतं तेव्हा त्यात व्याजाचा शब्द नव्हता. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी नव्या संहितेचं कलम 144 आलं. पाटी बदलली, व्याज आलं नाही. एखादे न्यायाधीश 'मुदतीत न भरल्यास अमुक टक्के' असं आदेशात घालतात, पण तो त्यांचा चांगुलपणा. लेकराचा हक्क चांगुलपणावर टांगलेला. उलट लेकराला मात्र कायद्याने मुदत घातली आहे. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. म्हणून आम्ही दरवर्षी नवा अर्ज करतो आणि दरवर्षी वॉरंटावर तोच शेरा येतो, 'सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही'. सदर इसम दर रविवारी त्याच पत्त्यावर गाडी धूत असतो.

शेवटी तो आला. खिशात 50,000 आणि तोंडात 'बाकीचे हप्त्याने देतो'. समुपदेशक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, मुद्दल मिळतंय ना? व्याजाबिजाचं मनात आणू नका, संबंध बिघडतात." कुठले संबंध? तीस महिन्यांत त्याने पोरीला वाढदिवसाचा फोन केला नाही. तिची आजी मात्र नातेवाइकांत सांगत फिरते, नात म्हणजे दुधावरची साय. साय हवी, दुधाचे पैसे कोण देणार?

आणि हे तीस महिने घर चाललं कसं? मी पाटल्या तारण ठेवल्या. माझ्याच पतसंस्थेत, व्याजाने. म्हणजे त्याने पोरीचे पैसे बिनव्याजी वापरले आणि त्या वापराचं व्याज मी भरलं. याला थकबाकी म्हणू नका. हे कर्ज आहे. धनको अल्पवयीन, तारण काही नाही, परतफेड ऋणकोच्या मर्जीने. अशा अटींवर कर्ज देणारी पतसंस्था महिन्याभरात बुडेल.

लगेच विचारलं जाईल, गरीब बापाने काय करायचं? त्याची सोय कायद्यात आहे. पुरेसं कारण दाखवा, तुरुंग टळतो. परिस्थिती बदलली तर रक्कम कमी करून मागा. आमच्या इसमाने तसा अर्ज कधीच केला नाही, कारण मग उत्पन्न दाखवावं लागलं असतं. न देणं त्याला स्वस्त पडत होतं. तुरुंगाचं म्हणाल, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे फार तर एक महिना. 'आत जाऊन आलो, फिटलं' असं म्हणायचीही सोय नाही, तुरुंगवासाने पोटगी फिटत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर प्रकरणात केव्हाच सांगून ठेवलंय. 4 नोव्हेंबर 2020 ला रजनेश विरुद्ध नेहा या निकालात याच न्यायालयाने दोन्ही बाजूंनी मालमत्तेचं शपथपत्र द्यावं आणि पोटगीचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा वसूल करता यावा, असंही म्हटलं. छान. पण जप्तीची भीती एकदाची असते. व्याज रोज रात्री जागं असतं, आणि चालढकल करणाऱ्याला तेवढंच कळतं.

मागणी एका ओळीची आहे. पोटगीच्या प्रत्येक आदेशात लिहा: दहा तारखेनंतर महिना 1 टक्का, न मागता. आयकराला लागतं तेवढंच. सरकारच्या तिजोरीपेक्षा लेकराच्या डब्याची किंमत जास्त धरा, असंही मी म्हणत नाही.

परवा शेवटचा हप्ता जमा झाला. त्याचे वकील म्हणाले, "पूर्ण रक्कम अदा झाली, अर्ज निकाली काढावा." पूर्ण? पोरगी आठवीत असताना जे बूट घ्यायचे राहिले, त्याचे पैसे ती दहावी झाल्यावर आले. रक्कम तीच आहे, पाय तेवढे राहिलेले नाहीत. अर्ज निकाली निघाला. माझ्या पाटल्यांवरचं व्याज चालू आहे.