पास झालें, पण शिकलें काय?

वार्षिक परीक्षा आटोपल्या कीं १ मे रोजीं, महाराष्ट्रदिनीं, शाळेंत झेंडावंदन होतें व निकाल वाचला जातो. भिवंडी तालुक्यांतील ज्या खेड्यांत आम्ही शिकवितों, तेथेंही असेंच होतें. आईबाप दाराशीं उभे असतात. आम्ही एकेक नांव पुकारतों व 'पास' म्हणतों. पोरें उड्या मारतात, कोणी पेढा वांटतो, आणि वर्षाची बातमी गांवभर होते कीं, यंदाही शाळेचीं सारीं मुलें पास! वाचकहो, ही बातमी खोटी नाहीं. परंतु ती सबंध खरीही नाहीं. आणि ज्या अर्थीं निकालपत्रावर सही आमचीच असते, त्या अर्थीं हें सांगण्याचें काम दुसऱ्यावर टाकणें आम्हांस शोभणार नाहीं.

मागें एका वर्षीं तिसरींतील एका कातकरी मुलीचें नांव पुकारलें, तेव्हां पुढें तिची आजी आली. मुलगी दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली होती, ती अजून परतली नव्हती. "गुरुजी, पोरगी पास झाली ना?" म्हातारीनें विचारलें. आम्हीं 'होय' म्हटलें. तिनें निकालपत्र कपाळास लाविलें व जपून नेलें. जूनमध्यें मुलगी चौथींत येऊन बसली. पुस्तक पुढें ठेविलें, तर अक्षरास अक्षर लावतां लावतां एक ओळ संपेना. मात्र भट्टीवर काय करीत होतीस असें विचारतांच, वाळत घातलेल्या विटा कशा उलटाव्या, किती रांगा झाल्या म्हणजे हजार भरतात, हें तिनें धडाधड सांगितलें. पोरीची बुद्धि कमी नव्हती. कमी पडले ते शाळेचे दिवस. आणि हें ठाऊक असून आम्हीं तिच्या आजीस एका शब्दानें सांगितलें नव्हतें.

हें 'पास' कोठून येतें, तें आमच्या बांधवांनीं समजून घेतलें पाहिजे. सन २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत कोणत्याही मुलास त्याच वर्गांत मागें ठेवूं नये, असें त्यांत कलम होतें. त्याचा हेतु वाईट नव्हता. नापासाचा शिक्का बसला कीं गरिबाचें पोर शाळा सोडून गुरांमागें, भट्टीवर नाहींतर मागावर जातें, हा जुना अनुभव होता. पुढें २०१९ सालीं कायदा बदलला, आणि २०२३ सालीं महाराष्ट्रानें नियम केला कीं, पांचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा घ्यावी, नापास झाल्यास फेरपरीक्षा घ्यावी, व तींतही न निभावल्यास मुलास त्याच वर्गांत बसवावें. इतर इयत्तांत पूर्वीचेंच चालूं आहे. म्हणजे वाचतां न येणारें मूल चौथीपर्यंत पुढें पुढें ढकललें जातें, आणि पांचवींत एकदम भिंतीवर आपटतें. मग दोष त्या दहा-अकरा वर्षांच्या पोराचा काय?

त्याच कायद्यांत पांचवीपर्यंत वर्षास २०० दिवस व ८०० तास शिकवणें झालें पाहिजे, असेंही लिहिलें आहे. जें मूल दिवाळीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत भट्टीवर राहतें, त्याच्या वांट्यास यांतले निम्मे दिवस येणेंही कठीण. इकडे भिवंडी शहरांत यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून आलेल्या बापास पोराची वही उघडून पाहण्याचें त्राण राहत नाहीं. दोघेही निकालपत्रावरील एका शब्दावर विश्वास ठेवितात.

कोणी म्हणेल, शिकून भट्टी थोडीच सुटते? त्यांस आम्ही समजण्यापुरता एक हिशेब घालतों. समजा, एका जोडप्यानें ३०,००० रुपये उचल घेतली. हजार विटांस १,००० रुपये दर ठरला, व हंगामांत ४०,००० विटा पाडल्या. मजुरी झाली ४०,००० रुपये. दर आठवड्यास ५०० रुपये खर्ची, २० आठवडे, म्हणजे १०,००० रुपये. उचल फिटली, देणें राहिलें नाहीं. पण वहींत २० च्या जागीं कोणी २४ आठवडे लिहिले, तर २,००० रुपये अंगावर राहिले, आणि पुढच्या दिवाळीस पाय पुन्हां त्याच भट्टीकडे वळले! वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें बंद झाली. पण वही वाचतां न येणाऱ्याच्या गळ्यांतील दोरी कोणता कायदा सोडवील? हें गणित तिसरी-चौथीचें आहे. तें ज्या मुलास येतें, तें पास. न येतें, तें निकालपत्रावर काय लिहिलें असो, नापासच.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें सांगितलें कीं, शेतकऱ्याच्या श्रमाचा पैसा वरच्या वर्गांच्या विद्येवर खर्च होतो. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचें करा, आणि शिक्षक शेतकरीवर्गांतून तयार करा. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापुरांत सक्तीचें व मोफत शिक्षण सुरू केलें. आज आमच्यासारखे कुणब्यांचे पोर ट्रेनिंग कॉलेजांतून शिकून गुरुजी झाले आहेत. पूर्वीं आमचे लोक म्हणत, पंतोजी आमच्या पोरांस मन लावून शिकवीत नाहीं. आतां पंतोजी आम्हीच आहोंत! तेव्हां बोट कोणाकडे दाखवावयाचें? माहितीचे कागद भरण्यांत आमचा वेळ जातो, हें खरें. पण त्या पोरीच्या आजीस त्याचें काय?

म्हणून शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, निकाल ऐकून तसेच घरीं जाऊं नका. गुरुजींसमोर मुलाकडून पुस्तकाचें एक पान वाचून घ्या, हातच्याची एक वजाबाकी करवून घ्या. तुम्हांस वाचतां येत नसलें तरी मूल अडखळतें कीं नाहीं, हें कानास कळतें. अडखळलें तर मुलास मारूं नका, आम्हांस विचारा. शाळा व्यवस्थापन समितींत चार जणांपैकीं तीन पालक असावे लागतात, आणि निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तेथें जूनमध्येंच हा प्रश्न मांडा. दिवाळीनंतर भट्टीवर निघण्याआधीं आमच्याकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या व भट्टीजवळच्या शाळेंत दाखवा. दाखला नाहीं म्हणून मुलास परत पाठविण्याचा अधिकार त्या शाळेस नाहीं. आणि साधेल तर पोरास आजीपाशीं गांवींच ठेवा. त्याच्या जेवणाचा एक घांस तरी शाळा देते.

आम्हींही आमच्यापुरतें ठरविलें आहे. यापुढें 'पास' म्हटल्यावर मुलास काय येतें व काय येत नाहीं, हें घरच्या माणसास तेथल्या तेथें सांगावयाचें. पेढा थोडा कडू लागेल, पण पोर फसणार नाहीं.