उंदरात माणसाचं जनुक आणि आपल्या वर्गातली मुलं



‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध आपण वर्षानुवर्षं पोरांकडून लिहून घेतो. त्यात अणुबॉम्ब येतो, मोबाईल येतो. आता मोठी पोरं आणखी एक गोष्ट विचारतात. डुकराच्या धडाला माणसाचं तोंड लावलेला व्हिडिओ दाखवतात आणि म्हणतात, “सर, हे खरं आहे का?” तो व्हिडिओ खोटाच असतो. पण माणसाचं जनुक प्राण्यात घालण्याचं काम मात्र खरं आहे. त्याचा आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीशी जवळचा संबंध आहे, म्हणून हा लेख.

संबंध आहे सिकलसेलचा. आपल्याकडे हा आजार आदिवासी समाजात आहे, तसाच इतर समाजांतही आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागचं एक अमिनो आम्ल बदलतं, एवढीच चूक. पण त्यामुळे गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि पोरगं हाडं धरून रडतं. आईवडील दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी मूल होण्याची. थंडीच्या दिवसांत हजेरीपटावर एकाच मुलीच्या नावापुढे सारखी गैरहजेरी लागत असेल, तर रागावण्याआधी तिचं सिकलसेलचं कार्ड आहे का, ते घरी विचारा.

आता उंदराकडे येऊ. साध्या उंदराला हा आजार होत नाही. मग औषध तपासायचं कशावर? 1997 मध्ये अमेरिकेत बर्कले आणि अलाबामा इथल्या दोन गटांनी उंदराची स्वतःची हिमोग्लोबिनची जनुकं बंद केली आणि त्या जागी माणसाची, सिकलसेलवाली जनुकं घातली. त्या उंदरांच्या पेशी वाकड्या झाल्या, रक्त कमी पडलं, प्लीहा सुजली. म्हणजे आपल्या पोरांचं दुखणं त्या उंदरांना जन्मतःच दिलं गेलं.

त्याचा उपयोगही झाला. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि ते वाकडं होत नाही. जन्मानंतर एक जनुक ते हिमोग्लोबिन बंद करतं. 2011 मध्ये शास्त्रज्ञांनी याच जातीच्या उंदरांत ते बंद करणारं जनुक निकामी केलं, तर आजाराची लक्षणं गेली. त्याच जनुकाला हात घालणारा ‘कॅसजेव्ही’ हा उपचार नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्य केला.

मग हा उंदीर अर्धा माणूस झाला का? नाही. खेचर हा खरा संकर : अर्धा घोडा, अर्धं गाढव. इथे हजारो जनुकांपैकी मोजकी बदलली आहेत. जिवाणूत माणसाचं जनुक घालून केलेलं इन्सुलिन 1982 पासून बाजारात आहे, आणि ते टोचून घेताना आजोबांना काही वाटत नाही! शिवाय ‘देवाने वेगळं केलं ते माणसाने मिसळू नये’ हे म्हणणं आपल्या मातीत फारसं रुजणारं नाही. आपण गणपती बसवतो, नरसिंहाची गोष्ट सांगतो. गोंड कुळांत एखाद्या प्राण्याशी नातं मानून त्याला न मारण्याची रीत आहे. माणूस आणि जनावर यांच्यात नातं आहे, हे आपल्या पोरांना शिकवावं लागत नाही.

उलट नातं मानलं की जबाबदारी वाढते. त्या उंदराला वेदना होतात, हे लपवून ‘वरदान’ लिहायला लावणं मला पटत नाही. रक्तापुरता हा प्रयोग मी मान्य करतो, कारण पोरांचं दुखणं मी पाहतो. पण माणसाच्या पेशी प्राण्याच्या मेंदूत किंवा प्रजननाच्या अवयवांत जाणार असतील, तर थांबलं पाहिजे. 2021 मध्ये माणसाच्या मूलपेशी माकडाच्या भ्रूणात घालून ती भ्रूणं सुमारे 20 दिवसांपर्यंत प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवल्याचं प्रसिद्ध झालं. तिथे पेशी कुठे जातील, याची खात्री कोण देणार? ज्या प्राण्यांत मानवी मूलपेशी घातल्या आहेत त्यांची पैदास करायला आपल्या आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. ही मनाई मला योग्य वाटते.

तरी माझ्या मते मोठा प्रश्न उंदराचा नाहीच. 2023 मध्ये मान्यता मिळाली तेव्हा कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर होती, म्हणजे तेव्हाचे आपले साधारण 18 कोटी रुपये. भामरागड किंवा जिवतीच्या पोराला आज तरी मिळतात त्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या, आणि त्याही वेळेवर मिळाल्या तर! उंदराने सोसलं, शास्त्र पुढे गेलं, पण औषध आपल्या पोरापर्यंत आलंच नाही, तर ‘मानवाच्या कल्याणासाठी’ हे वाक्य निबंधात कुणासाठी लिहायचं?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले, तेव्हा त्यांनी सुरुवातीच्या काळात सिकलसेलचाच शोध घेतला. पण लोकांना तो आपला प्रश्न वाटला नाही. आधी लोकांना विचारायला हवं, हे तिथून शिकल्याचं त्यांनी पुढे सांगितलं आहे. हे शहाणपण अजून जुनं झालेलं नाही.

शाळेत तपासणी होते तेव्हा बोटातून रक्ताचा थेंब घेतात. ती झाली तपासणी, आणि ती जरूर करून घ्या. पण तेच रक्त पुढे संशोधनासाठी वापरायचं असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी पालकांची संमती लागते, आणि आयसीएमआरच्या नियमांनुसार सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. म्हणजे आपल्या दुसरी-तिसरीच्या पोरांनाही विचारावं लागतं, आणि तेही त्यांना कळेल अशा भाषेत. माडिया बोलणारं मूल असेल तर माडियात. हे काम बाहेरून आलेल्या पथकाला जमणार नाही. ते आपल्यालाच करावं लागेल. म्हणून पुढच्या वेळी कुणी नमुने घ्यायला आलं, तर कागदावर मुख्याध्यापकांची सही होण्याआधी विचारा : हे रक्त कुठे जाणार, कशासाठी, आणि निकाल पोराच्या घरी कोण सांगणार?