वाचलं, पण कळलं का?

आमच्या शाळेतला सातवीचा एक मुलगा मराठी फार सुरेख वाचायचा. उर्दू माध्यमाचा असूनही अडखळणं नाही, थांबणं नाही. प्रकट वाचनात पहिला आला म्हणून मीच त्याला पेन बक्षीस दिलं होतं. एके दिवशी त्याच्या वडिलांच्या नावे मराठीत एक सरकारी पत्र आलं. मुलानं ते घडाघडा वाचून दाखवलं. पत्रात लिहिलं होतं की, खाली सही करून पंधरा दिवसांच्या मुदतीत परत करावे. 'खाली' म्हणजे रिकामं, हा उर्दूतला अर्थ त्याच्या मनात पक्का. त्यानं अब्बांना सांगितलं, सहीची जागा रिकामी ठेवायची आहे. पत्र कपाटात गेलं, मुदत संपली आणि हातगाडी बंद ठेवून वडिलांना महिनाभर हेलपाटे घालावे लागले.

ते मला भेटायला आले. रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, "सर, आप तो बोले थे, लडका बहुत अच्छा पढता है."

त्या वाक्यानं माझी झोप उडवली. मी त्या मुलाचं वाचन मोजलं होतं, समज मोजलीच नव्हती.

'जलद वाचन शिका' अशा जाहिराती आज मोबाईलवर रोज दिसतात. हा धंदा जुना आहे. अमेरिकेत एव्हलिन वूड यांनी 1959 मध्ये असे वर्ग सुरू केले आणि ते खूप गाजले. पण डोळ्यांची रचना या दाव्यांना साथ देत नाही. वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारतो. दोन उड्यांच्या मध्ये साधारण पाव सेकंद थांबतो आणि त्या थांब्यातच अक्षरं टिपतो. स्पष्ट दिसतो तो ओळीचा लहानसा तुकडाच. सगळं पान एका नजरेत वाचणं म्हणूनच शक्य नाही. कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष साधा आहे. नुसता वेग वाढवला की समज घटते. समज राखून वेग वाढवायचा तर भरपूर वाचावं आणि भाषा, शब्दसंपत्ती वाढवावी.

मी दोन लिप्या शिकवतो, म्हणून मला हे रोज दिसतं. उर्दूत जेर-जबर सहसा लिहीत नाहीत. 'इस' आणि 'उस' लिहायला एकच. कुठे काय वाचायचं ते वाक्य सांगतं. म्हणजे उर्दूत कळल्याशिवाय नीट वाचताच येत नाही. देवनागरी तशी नाही. मुळाक्षरं, काना-मात्रा आल्या की अर्थ न कळताही पान खणखणीत वाचता येतं. इथेच शिक्षक फसतो. मी फसलो.

आपल्या घरांत आणखी एक सवय असते. मकतबमध्ये मूल कुरआन वाचायला शिकतं, तेव्हा बहुतेक वेळा अरबीचा अर्थ त्याला माहीत नसतो. ती तिलावत आहे, तिचा सवाब आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वाचन म्हणजे उच्चार, हीच सवय विज्ञानाच्या धड्याला आणि कोर्टाच्या समन्सला लागली, तर नुकसान आपलंच होतं.

केंद्र सरकारच्या 2021 च्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलानं मिनिटाला किमान 60 शब्द वाचावेत, असं उद्दिष्ट आहे. पण त्यात अर्थ समजून वाचावेत, ही अटही आहे. वर्गात घड्याळ लक्षात राहतं, अट राहत नाही.

आता मी काय करतो? धडा उघडण्याआधी दोन मिनिटं शीर्षक, चित्रं आणि शेवटचे प्रश्न पाहायला लावतो. आपण काय शोधतोय हे ठाऊक असलं की वाचन आपोआप भराभर होतं. मग ओळखीचे शब्द जोडतो. मुदत, अर्ज, जप्ती, कायदा, दाखल हे शब्द आमच्या मुलांच्या घरातलेच आहेत, फक्त ओळख करून द्यावी लागते. फसवे शब्द वेगळ्या वहीत लिहितो. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणं, उर्दूत राजीनामा म्हणजे समझोता. 'खाली' त्या वहीत पहिल्या पानावर आहे.

एकच उतारा तीन दिवस वाचायचा आणि प्रत्येक वेळी पुस्तक मिटून सांगायचा. मराठीत, उर्दूत, घरच्या बोलीत, कशातही. तिसऱ्या दिवशी वेग वाढलेला असतो, आणि तो टिकतो, कारण त्याला अर्थाचा आधार असतो. शिवाय वेग बदलता आला पाहिजे. क्रिकेटची बातमी पळत वाचा. कर्जाचा कागद बोट ठेवून, दोनदा वाचा. मनातल्या मनात शब्द उच्चारले जात असतील तर घाबरू नका, अवघड मजकुरात तो आवाज मदतच करतो.

पालकांना एक विनंती. मूल मोठ्यानं वाचत असेल तर शाबासकी जरूर द्या, पण लगेच विचारा, "बेटा, काय लिहिलंय?" सातवीतल्या त्या मुलाला मी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. आता वाचनाचं बक्षीस मी उत्तर ऐकल्यावरच देतो.