पहिला कॅमेरा: डीएसएलआर की सुपरझूम?

'पक्ष्यांचे फोटो काढायचेत, कोणता कॅमेरा घेऊ?' दहा वर्षांपूर्वी याचं उत्तर सोपं होतं. स्वस्तातला डीएसएलआर घ्या, लेन्स हळूहळू जमवा. आता तसं राहिलं नाही. निकॉनने डी३५०० बंद केला, कंपन्यांचं सगळं लक्ष मिररलेसकडे आहे. आणि त्याच निकॉनने २०२५ मध्ये पी११०० हा नवा सुपरझूम आणला!

मग सुपरझूमच घ्यायचा? थांबा. पी११०० चा १२५ पट झूम ३००० मिमीइतकी पोच देतो. डीएसएलआरला ५५-२५० लेन्स लावली तरी आपण ४०० मिमीपर्यंतच जातो. पण एवढा झूम जमतो तो चिमुकल्या सेन्सरमुळे. कॅननच्या १५००डी चा सेन्सर क्षेत्रफळाने त्याच्या जवळपास बारा पट आहे. त्यात पूर्ण झूमवर अ‍ॅपर्चर एफ/८, म्हणजे प्रकाश आणखी कमी. भिगवणला सकाळच्या उन्हात फ्लेमिंगो छान मिळतील; संध्याकाळी झाडीतलं घुबड मात्र दाणेदार, पुसट येणार. लग्नाच्या हॉलमध्ये झूम केलात तरी तेच. (वजन? सुमारे १४०० ग्रॅम. खिशात मावेल या भ्रमात राहू नका.)

दिवसा, उघड्यावर, लांबचे पक्षी एवढंच हवं असेल तर सुपरझूम घ्या. घरचे कार्यक्रम, मुलं, प्रवासही टिपायचे असतील तर माझं मत डीएसएलआरला, पण सेकंड-हँड. कॅननच्या लेन्सेस अ‍ॅडॉप्टर लावून त्यांच्या नव्या मिररलेसवर चालतात, त्यामुळे लेन्सचे पैसे वाया जात नाहीत. घेताना शटर काउंट तेवढा विचारून घ्या.