विमान कुठलं घ्यावं बांधायला?

गॅरेजमधे विमान बांधणार म्हटलं की मराठी माणूस पहिला प्रश्न विचारतो, "उडेल का?" आणि दुसरा, "बायको काय म्हणते?" अमेरिकन माणूस एकच विचारतो, "कुठलं?" आणि मग तासभर तोच बोलतो. इथे हा छंद जुना आहे. एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन १९५३ पासून आहे, दर जुलैत ऑशकॉशला या मंडळींची जत्रा भरते. एफएएचा नियमही असा की निम्म्याहून जास्त काम स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेखातर केलं असेल, तर ते विमान 'हौशी बनावटीचं' म्हणून उडवता येतं. किट कंपन्या हा ५१ टक्क्यांचा हिशोब सांभाळूनच भाग बनवतात.

(अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं विमान आठवत असेल. ते त्यांचं स्वतःचं डिझाइन होतं, किट नव्हे. त्यांच्या पंगतीला बसायची आपली लायकी नाही. आपण आयकियावाले.)

तर कुठलं? आपल्या आयटीवाल्यांची पद्धत ठरलेली. एक्सेल उघडायचं, स्पीड, रेंज, सीट, किंमत असे कॉलम टाकायचे आणि सॉर्ट मारायचा. या शीटमधे वॅन्सचं आरव्ही-७ नेहमी वर येतं. ताशी तीनशे किलोमीटर, दोन माणसं, दिसायला देखणं. माझं म्हणणं एवढंच आहे की या शीटमधे खरा कॉलमच नसतो. पगारदार माणूस वर्षाला पन्नासेक तास उडवेल. बांधताना मात्र वर्षाला पाचशे तास घालवेल, आणि तेही जमलं तर. म्हणजे आपण विमान निवडत नसतो, पुढच्या चार-पाच वर्षांच्या संध्याकाळी काय काम करायचं ते निवडत असतो.

आरव्ही-७ ला साधारण दीड ते दोन हजार तास लागतात. आठवड्याला दहा तास धरले तर तीन-चार वर्षं. रिलीजच्या महिन्यात, ऑन-कॉलच्या आठवड्यात आणि आई-बाबा इकडे आलेले असताना ते दहा तास कुठून आणणार, हे ज्याचं त्याने बघावं.

काम म्हणजे तरी काय? फायबरग्लासचं विमान असेल तर इपॉक्सी आणि घासकाम. गुळगुळीत, वेगवान विमान होतं, पण घासून घासून जीव जातो, काहींना इपॉक्सीची कायमची ॲलर्जी होते, आणि थंडीत ते नीट सेट होत नाही. ओरेगनच्या बिनहीटरच्या गॅरेजमधे हे जमणं कठीण. किटफॉक्ससारखं स्टीलच्या नळ्या आणि कापडाचं विमान छान, शिवाय पंख मागे दुमडतात, म्हणजे हँगरच्या भाड्यात बचत. पण कापड चढवणं आणि त्यावरचे रंगाचे थर ही वेगळीच कला.

राहिला पत्रा. त्यातही दोन जाती आहेत आणि हा फरक ब्रोशर वाचताना लक्षात येत नाही. आरव्ही-७ मधे बहुतेक भरीव रिव्हेट. एका बाजूने रिव्हेट गन, दुसऱ्या बाजूने बकिंग बार धरायचा. बऱ्याच ठिकाणी एकट्याचा हात पुरत नाही, दुसरा माणूस लागतो. आणि आवाज! रात्री साडेनऊला पोरं झोपल्यावर ही गन चालवून दाखवा. झेनिथ किंवा आरव्ही-१२ मधे मुख्यतः पॉप रिव्हेट, एका बाजूने ओढायचे. एकटा माणूस, रात्री, शेजाऱ्यांशी भांडण न होता काम करू शकतो. मला हा मुद्दा ताशी दीडशे किलोमीटरच्या फरकापेक्षा मोठा वाटतो.

झेनिथची कार्यशाळा मी केली. दोन दिवसांत स्वतःचा रडर बांधायचा आणि घरी न्यायचा. फॅक्टरी मिझुरीतल्या मेक्सिको नावाच्या गावात आहे. मॅनेजरला "मेक्सिकोला चाललोय" म्हटल्यावर त्याने आधी माझ्या व्हिसाची काळजी केली :) भोकं पाडलेली येतात. क्लेको लावायचे, कडा साफ करायच्या, रिव्हेट ओढायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी कंटाळा आला का? नाही. त्या दोन दिवसांत कळतं ते शंभर रिव्ह्यू वाचून कळत नाही.

व्हिसाचं निघालंच आहे तर आमच्यासारख्यांची खरी गोची सांगतो. विमानावर अमेरिकन एन-नंबर स्वतःच्या नावाने घ्यायचा तर नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला असावं लागतं. स्वतः बांधलेल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करायचं सर्टिफिकेट मिळतं, त्यालाही तीच अट. ट्रस्टच्या नावावर नोंदवायची वाट आहे, पण खर्चिक. आणि नोकरी गेली तर एच-वनवाल्याला साठ दिवस. साठ दिवसांत नवीन नोकरी शोधायची की अर्धवट फ्युजलाज विकायचं?

म्हणून माझे निकष असे: किट तुकड्यांत मिळावं (आधी शेपूट, मग पंख), एका ट्रकमधे बसावं, आणि अर्धवट असताना विकता यावं. शेवटच्या निकषात आरव्ही जिंकतं हे कबूल. अकरा हजारांच्या वर आरव्ही उडालेत, त्यांच्या अर्धवट किटलाही गिऱ्हाईक असतं. शिवाय वॅन्स ऑरोरात, माझ्यापासून तासाच्या आत. पण २०२३ मधे लेझरने भोकं पाडलेल्या भागांना चिरा जाण्याचं प्रकरण निघालं, डिसेंबरमधे कंपनी दिवाळखोरीच्या संरक्षणात गेली, आणि ऑर्डर टिकवायची तर वाढीव किंमत मान्य करा असं झालं. २०२४ मधे त्यातून बाहेर आली, चांगलं झालं. धडा काय, तर आज बांधायला घेतोय तेवढ्याचेच पैसे भरा. झेनिथही धुतल्या तांदळाची नाही. त्यांच्या ६०१ एक्सएलचे पंख हवेत तुटल्यावर २००९ मधे एनटीएसबीने ती उडवणं थांबवा म्हटलं होतं, नंतर मजबुतीकरण आलं. ७५० हे वेगळं विमान आहे, तरी हे माहीत असावं.

एक सावधगिरी. स्पोर्ट पायलट लायसन्सची १३२० पौंडांची मर्यादा आहे म्हणून छोटंच विमान घ्या, हा सल्ला आता जुना झाला. जुलै २०२५ मधे जाहीर झालेल्या नवीन नियमांनी वजनाची अट गेली, आता मुख्य अट ५९ नॉट स्टॉल स्पीडची. म्हणजे माझ्या बाजूचा एक मुद्दा कमी झाला. होऊ दे.

मी ७५० च घेतोय. ते हळू आहे, रेफ्रिजरेटरसारखं दिसतं, पण मूठभर जागेतून उडतं आणि मला एकट्याला बांधता येतं. रडर गॅरेजच्या भिंतीवर टांगलाय, बाकीची शेपूट मार्चमधे मागवतोय. इंजिनाचं आत्ता बोलतच नाही, ते एकटंच बाकीच्या किटएवढ्या किमतीला पडतं. आणि एन-नंबर कुणाच्या नावावर, ते पंख झाल्यावर बघू.